चुकलेला फोकस

"दादा, फ्रेमसाठी आईचा एखादा चांगला फोटो दे ना," धाकटी म्हणाली. आई जाऊन आठवडाच झाला होता. दादा नावाजलेला फोटोग्राफर. त्याने स्वतः काढलेले धाकटीच्याच लग्नाचे फोटो उघडले. प्रत्येक फोटोत आई होती. पण नवरीच्या मागे, धूसर. लेन्स पूर्ण उघडून मागचं सगळं विरघळवायचं, यातच त्याने नाव कमावलं होतं. त्या लग्नात एकदाच लेन्सने दगा दिला होता. ऑटोफोकस नवरीला सोडून मागे गेला. ती धूसर, आई लख्ख, चष्मा डोक्यावर सरकवून हसणारी. "छान आलाय की, राहू दे," आई तेव्हा कॅमेऱ्यात डोकावत म्हणाली होती. "फोकस पार गंडलाय, आई!" म्हणत त्याने तो फोटो तिथेच उडवला आणि दुसऱ्याच दिवशी लेन्स दुरुस्तीला टाकली. "एकही नाही?" धाकटीने विचारलं. त्याने टेबलावरची तीच लेन्स हातात घेतली. "नाही गं. त्यानंतर ही कधी चुकलीच नाही."