लेखनिक नको

"बिघडलाय तो प्रोग्राम," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. "काल दुरुस्तीवाला पाहून गेला. चालू होतो आणि मुका बसतो, म्हणाला."

"मुका नसतो तो. रुसतो." भिंगरीने खुर्ची पुढे ओढली आणि कळफलक ताब्यात घेतला.

शाळेच्या तळमजल्यावरची ही खोली एकाच परीक्षार्थीसाठी उघडली होती. एक टेबल, एक संगणक, भिंतीला एक बाक. बाबा नि भिंगरी आत आले तेव्हा बाबांनी तिचा कोपर धरला होता. आता ते बाकावर बसून गुडघ्यावर बोटं नाचवत होते. अकरा वाजता दहावीचा इतिहासाचा पेपर, आणि अकराला वीस मिनिटं कमी. पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्राम घंटेच्या आत बोलला नाही, तर लेखनिक घ्यायचा किंवा मुकाट्याने घरी जायचं.

मुकाट्याने हा शब्द भिंगरीच्या कोशात नव्हता.

तिने प्रोग्राम बंद केला, पुन्हा चालू केला. आवाज नाही. आवाजाच्या पट्ट्या वर नेल्या. नाही. संगणकच बंद करून सुरू केला. तो घरघरला, मग शांत.

"चिन्ह तर दिसतंय की पडद्यावर," बाई वाकून म्हणाल्या. "म्हणजे चालू आहे."

"चित्रातला कोंबडाही दिसतो, बाई. आरवतो का?"

"भिंगरे," बाबा बाकावरून म्हणाले. एवढंच. पण हसू दाबून.

"माऊस घे ना. नुसती बटणं काय बडवतेस?" बाई म्हणाल्या.

"आमच्या घरी माऊस नाहीच."

"का, मांजर पाळलंय?"

भिंगरीला उत्तर सुचलं होतं, पण वेळ नव्हता. दहा मिनिटं उरली होती.

बाईंनी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. "कशाला हा हट्ट? लेखनिक घ्या आणि सुटा. एक मुलगी सांगून ठेवली आहे मी. मोत्यासारखं अक्षर आहे तिचं."

"तिचे मोती तिलाच लखलाभ."

लेखनिक गेल्या वर्षी घेऊन झाला होता. त्याचंही अक्षर सुरेख होतं. उत्तर सांगितलं होतं, 'शेवटी दोन्ही राजांमध्ये तह झाला.' त्याने झोकात लिहिलं, 'शेवटी दोन्ही राजांना तहान लागली.' उत्तरपत्रिकेची प्रत मागवली तेव्हा हा पराक्रम कळला. तीन गुण कमी पडले आणि दहावी राहिली. घरात आधी सगळे पोट धरधरून हसले, मग कुणीच जेवलं नाही. त्याच दिवशी ठरलं होतं की यापुढे आपलं उत्तर आपल्याच बोटांनी. चुकलं तरी आपलं.

"हे बघ, नियम मी केलेले नाहीत," बाई आता जरा कडक झाल्या. "संगणक बोलत नसेल तर मी काय करू? पुढच्या वर्षी या."

"मागच्या वर्षीही इथे हेच ऐकलं होतं. आम्ही आलो की नाही?"

"तोंड बघा कसं चालतंय."

"त्याचं चालेना, म्हणून माझं चालवतेय."

"दोघीही गप्प बसा पाहू," बाबा म्हणाले. "भिंगरे, तू भांडायला लागलीस की मला दुसरं काही ऐकू येत नाही. बाई, तो पंखा बंद करता का?"

बाईंनी चमकून पाहिलं, पण बटण दाबलं. पाती थांबली. खोलीत इतकी शांतता पसरली की बाईंच्या बांगड्याही ऐकू आल्या.

बाबांनी मान तिरपी केली. "टेबलाच्या खणात कुणीतरी बोलतंय."

भिंगरीने खण खस्सकन ओढला. जुन्या प्रश्नपत्रिकांखाली इअरफोन पडले होते. त्यांची वायर खणाच्या मागच्या फटीतून थेट संगणकात गेली होती. इअरफोन कानाजवळ नेले तर आतला बारीकसा आवाज इमानेइतबारे सांगत होता, 'वाचक तयार आहे.'

बिचारा कालपासून खणाला सगळं वाचून दाखवत होता.

भिंगरीने वायर उपटली. खोली दणाणली. 'वाचक तयार आहे. उत्तरपत्रिका उघडायची का?'

"अगं बाई," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. त्यांनी खणाकडे पाहिलं, मग दुसरीकडेच कुठेतरी. घसा खाकरून त्या भिंगरीजवळ आल्या. "आवाज ठीक आहे ना गं? वेग जास्त वाटतोय. कमी करायचा का?"

घंटा झाली.

भिंगरी उठली. तिने खुर्ची मागे घेतली आणि बाबांसाठी वाट मोकळी केली.

"मघापासून सगळं मलाच विचारताय, बाई," ती म्हणाली. "पेपर बाबांचा आहे. मी अजून आठवीत आहे."