सरावातलं मागणं

मागून झालं की गप्प बसायचं. एवढं एकच रोशनीला जमत नव्हतं.

आरमोरीच्या सिकलसेल दवाखान्यासाठी देणग्या मिळवणं हे तिचं काम. दवाखान्याविषयी बोलायला ती पटाईत. पण प्रत्यक्ष मागायची वेळ आली की तिच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि समोरचा काही म्हणायच्या आत तीच सांगून मोकळी व्हायची की नाही जमलं तरी चालेल. समोरच्याला तेच हवं असायचं. तो चहा पाजून तिला वाटेला लावायचा. शेवटी विश्वस्तांनी बजावलं की हे प्रशिक्षण शेवटचं, यातही काही निष्पन्न झालं नाही तर नोकरी गेली म्हणून समज. घरात कमावती ती एकटीच होती.

शिकवायला पुण्याहून इंदुताई आल्या होत्या. माणसाला वाईट न वाटू देता त्याच्या मृत्युपत्राची गोष्ट कशी काढावी, आपल्यामागे थोडंफार दवाखान्याला ठेवा असं कसं सुचवावं, यात त्यांचा हातखंडा. सकाळभर त्यांनी समजावलं आणि दुपारी सराव घ्यायचा ठरला. देणगीदाराच्या जागी ऑफिसातलंच कोणी बसलं की सगळे खी खी हसत सुटायचे. वैतागून इंदुताईंनी दाराशी बसलेल्या एका वयस्कर माणसाला आत बोलावलं.

ते गुलाम रसूल. त्यांचा मंडप आणि खुर्च्यांचा धंदा. संस्थेचा कुठलाही कार्यक्रम असो, खुर्च्या त्यांच्याकडूनच यायच्या. आजच्या खुर्च्या टेम्पोत भरायच्या होत्या, म्हणून बिचारे कधीचे ताटकळत होते. इंदुताईंनी त्यांना पाठ पढवला, की तुम्ही लहानूजी पाटील, तुम्हाला मूलबाळ नाही, जमीन भरपूर आहे आणि सहजासहजी हो म्हणायचं नाही. रसूलभाऊंनी टोपी सारखी केली आणि ते समोर येऊन बसले. आता बरीच करमणूक होणार म्हणून मंडळी सरसावली.

रोशनी उठली. दवाखान्याची पाठ केलेली माहिती तिच्या ओठांवर होती. पण रसूलभाऊ इतक्या मनापासून ऐकायला बसले होते की त्यांच्यापुढे ती पोपटपंची करायची तिला लाज वाटली. आणि ज्याच्याविषयी तिने आजवर एकाही देणगीदाराजवळ अवाक्षर काढलं नव्हतं, त्या धाकट्या भावाविषयी ती बोलू लागली.

अश्वजितला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. दुखणं उसळलं की हाडं कोणी आतून पिळतंय असं तो म्हणायचा. तेव्हा इथे हा दवाखाना नव्हता. आई त्याला मांडीवर घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसली, आणि उमरेड यायच्या आधीच तो गेला. बस थांबवावी की जाऊ द्यावी हेही तिला कळेना. एवढं सांगून रोशनीने थेट विचारलं.

"लहानूभाऊ, तुमच्या मागं तुमची जमीन दवाखान्याले लिहून द्याल का? तिथं अशा पोराइसाठी वॉर्ड बांधू."

आणि ती गप्प बसली.

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली, दूर गेली. रसूलभाऊ मान खाली घालून आपल्या हातांकडे पाहत राहिले. रोशनीच्या जिभेवर नेहमीचं वाक्य दहादा आलं, तिने ते दहादा गिळलं. कुणी हसत नव्हतं. कुणी हलतसुद्धा नव्हतं. मागणं झाल्यानंतरची ती शांतता तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली.

बऱ्याच वेळाने रसूलभाऊ बोलले.

"पूरी नाई देता येत, बेटा. आमच्यात वसीयतीत, म्हंजे मृत्युपत्रात, तीन हिश्श्याइतला एकच बाहेर देता येते. बाकी वारसाइचं असते. पोरगा जिशान हाये, पोरगी आफ्रीन हाये."

कोपऱ्यातून हशा पिकला. इंदुताईही हसल्या आणि त्यांनी हळूच आठवण करून दिली की लहानूजी पाटलांना मूलबाळ नाही, आणि त्यांच्यात हा नियमही नाही.

"लहानूजीचं मले नाई ठाऊक, बाई," रसूलभाऊ म्हणाले. "मी माह्या जमिनीचं सांगून राह्यलो. ब्रह्मपुरी रोडवर हाये. त्यातला एक हिस्सा देतो. कागद कवा करायचा ते सांगा."

हसू जागच्या जागी विरलं. इंदुताईंनी आयुष्यभर मोठमोठ्या देणग्या मिळवल्या होत्या, पण आता त्याही नकळत उठून उभ्या राहिल्या. रोशनीला एखादी किरकोळ पावती फाडताना जो आनंद व्हायचा तो हा नव्हताच. एका माणसाने आपल्या मरणापलीकडे हात लांबवून तिच्या भावासारख्या पोरांसाठी जागा केली होती, आणि तिने तर फक्त विचारलं होतं. तिला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. आपण या भल्या माणसाला फसवलं तर नाही ना, या विचाराने तिला राहवेना.

"रसूलभाऊ, हा निस्ता सराव होता," ती चाचरत म्हणाली. "तुमाले कोणी खरंखुरं नाई मांगतलं."

"समजते ना मले," रसूलभाऊ म्हणाले. "पण इतकी वर्षं तुमी साऱ्या दुनियेले मांगून राह्यले. मले आजवर कोणी सरावातही नव्हतं मांगतलं."