तू आधी

खडेमीठ कोमट पाण्यात लगेच विरघळत नाही. तळाशी काही खडे बराच वेळ तसेच दिसत राहतात आणि पाणी ढवळलं की नाहीसे होतात. कल्पिता ते नाहीसे होईपर्यंत थांबली. मग कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि घमेलं धाकट्या बहिणीच्या पायांशी सरकवलं.

"ठेव पाय."

"तू आधी," रुचिका म्हणाली.

"रोज काय गं तेच? तुझ्यासाठी केलंय ना?"

"मग नको मला."

कल्पिताने पाट ओढला आणि समोर बसली. एका घमेल्यात चार पाय मावत नव्हते. दोघींची बोटं एकमेकींवर चढली.

हा उपाय आईचा. मथुरा वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकायची. दिवसभर पायांखाली बर्फाचं पाणी, म्हणून घरी आली की आधी मिठाचं कोमट पाणी, मग तळव्यांना खोबरेल, मग चहा. तोवर तिच्याशी कुणी बोलायचं नाही. आई गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं.

आई गेली आणि रुचिका बिघडली, असं कल्पिता सगळ्यांना सांगायची. बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला रुचिका घरातून निघाली आणि बसस्टॉपवरूनच परत फिरली. कल्पिता तेव्हा खाडीवर आईच्या टोपल्या धुवायला गेली होती. टोपल्या वाळूवर होत्या, ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. रुचिका परीक्षेच्या कपड्यांतच पाण्यात शिरली, कल्पिताला घट्ट धरलं आणि रडत राहिली. "मी नाही जात पेपरला, ताई. नाही जात." कल्पिताने तिला थोपटत घरी आणलं. पुढच्या एकाही पेपरला ती गेली नाही.

औषधकंपनीच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीतून कल्पिताने बिनपगारी रजा घेतली. बहीण बरी व्हावी म्हणून तिने दिवस नीट आखला. सकाळी उन्हात किनाऱ्यावर फेरी. दुपारी पेज आणि जवळ्याची चटणी. संध्याकाळी मिठाचं पाणी, केसांना तेल. जेवण झालं की दोघींचे फोन कपाटावर. शनिवारी अंधेरीला समुपदेशक शर्मिष्ठा मॅडमकडे.

अडचण एकच होती. रुचिका एकटी काही करायची नाही. तू जेव, मग मी जेवते. तू डोळे मिट, मग मी मिटते. कल्पिता अंघोळीला गेली तरी दाराबाहेर येऊन बसायची.

"अगदी लहान मूल झालंय तिचं," कल्पिता मॅडमना म्हणायची.

मॅडम मान हलवायच्या. हे सगळं करताना तुम्हाला कसं वाटतं, असं विचारायच्या. कल्पिता सविस्तर सांगायची. रुचिका शेजारच्या खुर्चीत बसून खिडकीतून मेट्रो बघत असायची.

आज पाणी निवत आलं तेव्हा रतन मावशी दारात आली. बाजारात आईच्या शेजारी बसणारी ती. हातात बोंबलांची पिशवी.

"अजून भिजताय? मासळी झाल्यात का दोघी?"

"हिला बरं वाटतं, मावशी."

"वाटू दे." मावशीने पिशवी ओट्यावर ठेवली. "परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख कधी?"

"उद्या," कल्पिता म्हणाली. "यंदा नाही बसली तर मग ती कधीच बसायची नाही. मला तर तीच भीती आहे."

"तिला तोंड नाही? तिला बोलू दे."

रुचिका पाण्यात बोटं हलवत राहिली. मावशीने दोघींकडे पाहिलं.

"बाय, किती दिवस चालायचं असं?"

"ती बरी होईपर्यंत," कल्पिता म्हणाली.

मावशी गेली. कल्पिताने टॉवेल घेतला आणि रुचिकाचे पाय मांडीवर ओढून बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसू लागली.

"भरूया ना फॉर्म? मी येते सोबत. पेपर संपेपर्यंत गेटबाहेर बसेन."

"आणि तुझी नोकरी?"

"तुझं झालं की बघू."

"माझं झालंच नाही तर?"

"तर राहिलं. मी आहे ना."

"त्यांनी तुझ्या जागी दुसरी घेतली तर, ताई?"

"घेऊ देत गं. आता तुझं करायचं सोडून मला दुसरं काय आहे?" हे म्हणताना तिचा चेहरा शांत होता. गेल्या कित्येक दिवसांत इतका शांत दिसला नव्हता.

रुचिकाने पाय काढून घेतले. टॉवेलही घेतला आणि उरलेलं पाणी स्वतःच पुसलं.

"फॉर्म मी गेल्या आठवड्यातच भरला."

"काय सांगतेस? मला का नाही बोललीस, वेडे? आपण मॅडमना सांगू शनिवारी, किती खूश होतील त्या."

"वर्गातली जॅकलिन आहे ना, चेंबूरची. तिच्याकडे राहणार आहे मी. शुक्रवारी जाते."

"एकटी? जेवणार कशी? झोप येणार आहे का तुला तिथे?"

"मला येते गं झोप."

"येते काय? माझा हात सोडत नाहीस रात्रभर." कल्पिता उठली. "आणि शनिवारी मॅडमना काय सांगू मी? पेशंट पळून गेली म्हणून?"

रुचिकाने टॉवेलची घडी घातली. ती पाटावर ठेवली आणि पहिल्यांदाच बहिणीच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "त्या दिवशी खाडीत तू टोपल्या धूत नव्हतीस. मॅडमकडे आपण पहिल्या दिवसापासून तुझ्यासाठी जातोय, ताई. या शनिवारी तू एकटी जा. माझ्याच्याने आता नाही होत."