बारावी सुई

अकरा.

सिस्टरने पुन्हा मोजल्या. लाल कापडाच्या उशीत टोचलेल्या सुया अकराच भरल्या. हव्या होत्या बारा. मांडीवर सहा महिने खपून शिवलेली गोधडी होती, आणि तासाभरात त्या गोधडीत गुंडाळायचं थोरल्या मुलीचं तीन दिवसांचं बाळ घरी पोचणार होतं.

सिस्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण गल्ली अजून तिला सिस्टरच म्हणत होती. एकतीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. पोट शिवण्याआधी सुया, बोळे, कात्र्या मोजायच्या. आकडा जुळला नाही तर मोठ्यातला मोठा सर्जन हात आवरून उभा राहायचा. गोधडीचा नाद लागला तसा तिने तो नियम घरी आणला. शिवायला बसताना बारा, उठताना बारा. सहा महिन्यांत एकदाही चूक झाली नव्हती.

आज झाली होती. सकाळी जावयाचा फोन आला, डॉक्टर सोडतायत, दहापर्यंत पोचतो. काल दिवसभर ती हॉस्पिटलातच होती, एका बाजूची कड घालायची राहिली होती. आनंदाच्या भरात ती धावत येऊन शिवायला बसली. न मोजता.

सुई गोधडीत असेल तर गोधडी बाळाच्या अंगावर जाणार नाही, असं तिने जाहीर केलं. धाकट्या मुलीने जेवणाच्या टेबलावरची भांडी एका फटक्यात उचलली आणि गोधडी पसरली. थोरलीच्या शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा, धाकटीच्या फ्रॉकचा पिवळा, जावयाच्या शर्टाच्या चौकटी, सिस्टरच्या थिएटरमधल्या गाऊनचा हिरवा. घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही त्यात होतं. फक्त नवऱ्याचं नव्हतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि जेवणाच्या टेबलावर भरलेला चिंध्यांचा बाजार त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होता. जुना शर्ट मागितला तेव्हा तो म्हणाला होता, मी अजून जिवंत आहे, माझे कपडे फाडायची घाई करू नका.

आज मात्र सगळ्यात जास्त धावपळ त्याचीच चालली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तो लोहचुंबक घेऊन आला आणि स्वतःच गोधडीवर बोट बोट सरकवू लागला. धाकटी म्हणाली, उलटी करून बघू या. तो म्हणाला, चुंबक आरपार ओढतं, उगाच चुरगळू नका. चुंबकाला एक टाचणीही चिकटली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गाडी निघाली होती. बाळाने जांभई दिली होती. धाकटीने ही बातमी दोन्ही खोल्यांत फिरून तीन वेळा सांगितली, ऐकणारी माणसं दोनच असूनही. मग ती पलंगाखाली शिरली, केरसुणी झाडून पाहिली, आईच्या पदराची घडी न घडी चाचपली.

सिस्टर उठली आणि कात्री घेऊन आली.

“आई, सहा महिने लागलेत त्याला.”

“सगळे टाके काढते. कापूस बाहेर काढून बघते. आकडा जुळत नाही तोवर दुसरा इलाज नाही.”

तिने पहिल्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं. एक टाका तुटला. दुसरा तुटला.

“थांब, थांब! ही बघ. इथे कपाटाखाली होती.”

नवरा गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या हातात सुई होती. धाकटीने टाळ्या पिटल्या, बाबांना मिठी मारली आणि वर सुनावलं, की घड्याळाचा काटा शोधणाऱ्या माणसाला एवढी मोठी सुई सापडायला तास लागावा म्हणजे कमाल झाली. नवरा हसला. जरा जास्तच हसला.

सिस्टरने सुई उजेडात धरली. सुई तिचीच होती. पण नेढ्यात दोऱ्याचा बोटभर तुकडा अडकला होता. काळा. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला तो दिसला नव्हता. सिस्टरने अख्ख्या गोधडीत एकच दोरा वापरला होता, पांढरा. काळा जाड दोरा या घरात एकाच कामासाठी यायचा, घड्याळांचे चामडी पट्टे शिवायला.

तिने गोधडी उलटी केली.

पाठीमागे, खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढं ठिगळ होतं. नवऱ्याच्या दुकानातल्या तपकिरी एप्रनचं, तेलाच्या डागासकट. भोवती एकोणीस काळे टाके. एकासारखा दुसरा नाही. शेवटच्या टाक्यातून दोरा तसाच लोंबत होता.

धाकटी वाकून बघू लागली.

“काल तू नव्हतीस म्हणून,” नवरा फरशीकडे बघत म्हणाला. “मग जिन्यात तुझी चप्पल वाजली, मी दोरा तोडला, आणि सुई माझ्या खिशातच राहिली. उसवून टाक. वाकडंतिकडं झालंय.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. दारं आपटली. जिन्यात जावयाचा आवाज आला आणि त्यामागून एक बारीकसं रडणं. धाकटी दाराकडे पळाली.

सिस्टरच्या हातात अजून कात्री होती. तिने ती टेबलावर ठेवली. सुईतला काळा तुकडा काढून टाकला आणि बारावी सुई नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

“भिंग लावा, तो लोंबता दोरा ओवा आणि गाठ मारा,” ती म्हणाली. “मग मी बारा मोजते.”