दोराचं बाहेरचं टोक

“आत कोण आहे?” उस्तादांनी दोराला हलका झटका दिला.

“मीच, उस्ताद. चिमण्या.”

“आणि टाकीत?”

“गिअर. सकाळपासून गिअरच आहे. अजून त्याला शेपूट फुटलेलं नाही.”

उस्ताद गालात हसले. गड्याचं डोकं ठिकाणावर होतं.

लष्कराच्या त्या वर्कशॉपात रणगाड्यांचे काळेकुट्ट पार्ट धुवायची एक खोली होती. खिडकी नाही, दार एकच. मधोमध टाकी, आणि टाकीत ग्रीस चुटकीसरशी उतरवणारं औषध. दिसायला साधं पाणी, वास मात्र पिकल्या फळासारखा गोड. त्या वासाने काय काय केलं ते सांगायला बसलं तर संध्याकाळ पुरायची नाही. भिंतीवरची पाल सुटायची आणि पडता पडता हसायची. एकदा आत शिरलेला कावळा बाहेर आला तो उलटा उडत, शेपटी पुढे करून. हे वर्कशॉपच्या ड्रायव्हरने स्वतः पाहिलं, आणि ड्रायव्हर रविवार सोडून खोटं बोलत नसे. माणसांचं तर विचारूच नका. एक जण बेअरिंग मांडीवर घेऊन अंगाई गात बसला होता. दुसऱ्याने टाकीतला हत्ती आधी बाहेर येऊ दे, मग मी येतो, असा हट्ट धरला. आणि एक जण घटकाभर पडतो म्हणून आडवा झाला, तो उठलाच नाही.

तो गेला त्यानंतर उस्ताद आले आणि त्यांनी शिस्त घातली. आत जाईल त्याच्या कमरेला दोर, दुसरं टोक दारात उभ्या उस्तादांच्या मुठीत. थोड्या थोड्या वेळाने एक प्रश्न. पाढे विचारायचे नाहीत, पाढे माणूस झोपेतही म्हणतो. घरचं विचारायचं. आई कशावरून चिडते, धाकटी बहीण काय शिकते. डोकं तरंगायला लागलं की माणसाच्या हातून आधी घर सुटतं, असं उस्तादांचं म्हणणं. उत्तर चुकलं की ओढ दोर. आत जाणारे पाळीपाळीने बदलत. दारातला माणूस कधी बदलला नाही. त्याच्या हातून इतक्या वर्षांत एकही जीव गेला नव्हता.

आजची दुपार कापसासारखी होती. दाराची चौकट हळूहळू श्वास घेत होती. उस्तादांना त्यात नवल वाटलं नाही, ती रोजच घ्यायची. मनात मुलगी घोळत होती. तिच्यासाठी बरा मुलगा मिळायला हवा, ही एकच काळजी. त्यासाठी त्यांनी रजा जपून ठेवली होती, ड्रायव्हरलाही परवा सांगून ठेवलं होतं, पाहण्यात असेल तर बघ म्हणून. डोळे मिटले की ती जिना उतरताना दिसायची, नटलेली, आणि तिचे पाय पायऱ्यांना लागायचेच नाहीत. शेजारी कोणी तरी चालत असायचं. त्याला तोंड नसायचं.

मुठीतला दोर थरथरला. आत चिमण्या कापतोय, उस्तादांनी ताडलं. लक्षण बरं नव्हतं. नेहमीचे प्रश्न त्याला पाठ झाले होते, म्हणून त्यांनी आज वेगळा टाकला.

“चिमण्या, माझ्या मुलीचं लग्न ठरलं का रे?”

आतला ब्रशचा आवाज थांबला.

“चिमण्या?”

“झालं की, उस्ताद.”

उस्तादांनी आवाज मऊ ठेवला. तरंगणाऱ्या माणसाला दचकवायचं नसतं.

“कुणाचं झालं?”

“ताईंचं. आम्ही सगळे आलो होतो. तुम्ही आग्रह करकरून वाढलंत, माझ्या शर्टाची बटणं लागेनात.”

किती शांतपणे बोलत होता. बेअरिंगला झोपवणाराही असाच शांत होता. उस्तादांनी दोन्ही हातांनी दोर ओढला.

चिमण्या तेलकट फरशीवरून घसरत दारापर्यंत आला. उस्तादांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला अंगणात, झाडाखाली नेलं. गालावर चापट्या मारल्या.

“अहो, मी ठीक आहे.”

“ठीक असलेला माणूस दुसऱ्याच्या लेकीचं परस्पर लग्न लावून देत नाही.” आवाज ऐकून ड्रायव्हर धावत आला होता. उस्ताद त्याला म्हणाले, “पाणी आण रे याला. आज लग्न दिसतंय, उद्या नातवंडं दिसतील.”

ड्रायव्हर पाण्याला गेला नाही. हसलाही नाही. त्याने चिमण्याकडे पाहिलं. चिमण्या मान खाली घालून कमरेची गाठ सोडत बसला.

“उस्ताद,” ड्रायव्हर म्हणाला, “परवा तुम्ही मुलगा बघ म्हणालात, मला वाटलं थट्टा करताय. नवरानवरीची गाडी मीच चालवली होती. तुम्ही खिडकीला धरून थोडं चालत आलात. मला म्हणालात, सावकाश घे.”

उस्तादांनी आठवणीत शोधलं. जिना होता. मुलगी होती. गाडी कुठेच नव्हती.

त्यांनी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. कोणता आवाज तरंगतोय आणि कोणता जमिनीवर आहे, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. हे दोन्ही आवाज जमिनीवर होते.

ते झाडाच्या बुंध्याशी बसले. मग उस्तादांनी ड्रायव्हरला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं,

“मुलगा चांगला आहे का रे?”