पुलावरच्या फोटोतली बाई

हसनाबादच्या अंगदला पुलावरचा टोल माफ होता, कारण गाव पुलाच्या जवळच. तरी आजारी आईला, गोजरबाईला, त्यानं जालन्याच्या दवाखान्यात नेलं त्या दुपारी टोल कापला गेला. आई बरी होऊन घरी आली, तेव्हा त्यानं पैसे परत मिळावेत म्हणून टोलच्या ऑफिसात अर्ज दिला.

तिथल्या कल्याणीताईंनी रहिवासी दाखला बघून अर्ज लगेच मंजूर केला. "बराबर आहे तुमचं. गाडी तुमचीच ना, तेवढं टोलच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत बघून घ्या."

फोटोत आई मागच्या सीटवर आडवी होती. तिचं डोकं एका बाईच्या मांडीवर होतं. बाई खाली वाकलेली, म्हणून चेहरा दिसत नव्हता.

"ताई, गाडीत आम्ही दोघंच होतो," अंगद म्हणाला.

कल्याणीताईंनी तो फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवून दिला.

घरी त्यानं मोबाइलवर तो फोटो आईला दाखवला. आईचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले.

"हिच्यामुळंच वाचले मी. सारखी म्हणत व्हती, डोळे मिटू नको. लई उपकार हायेत तिचे."

मग तिनं दारातल्या गाडीकडं बघितलं.

"अंगद, उतरू दे की तिला आता. कवाची बसून राह्यली."