नऊ नंबरचा सेन्सर

चार दिवस आकडा चारशेच्या आसपास टिकला, तर मीनाक्षीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. फ्लाइट कंट्रोलमधली खुर्ची, त्या खुर्चीपाठोपाठ कायमचा व्हिसा, आणि वरिष्ठ इंजिनिअर श्रीनिवासच्या तोंडून एकदा तरी बिनटोमण्याचं कौतुक. तिसरी सगळ्यांत अवघड, पण तीही तिने हिशोबात धरली होती.

आकडा होता हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा. यान एकदा अंतराळात जाऊन परत आलेलं; आता चार माणसं घेऊन पुन्हा जायचं होतं. साउथ ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात, एका हँगरमध्ये, ते दार लावून रिकामं ठेवलं होतं. रिकाम्या केबिनमध्ये बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे चारशेचा आकडा दिसायला हवा. सेन्सर चुकीचा निघाला तर वर गेलेले चौघं झोपेतून उठणारच नाहीत, म्हणून ही चाचणी. शुक्रवारपर्यंत मीनाक्षीची सही झाली नाही, तर उड्डाण पुढच्या वर्षावर जाणार होतं. तिचा व्हिसा सप्टेंबरात संपत होता.

सोमवारी चाचणी सुरू झाली आणि आकडा नऊशेवर गेला.

२०२१चा जुलै. सिडनीत लॉकडाऊन, लॅबला कुलूप. तिथल्याच गिरावीन भागातल्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मीनाक्षी ते यान सांभाळत होती. एकटीच राहायची. तीन आठवड्यांत दाराशी पार्सल ठेवून जाणाऱ्याची पाठ सोडली, तर तिने माणूस पाहिला नव्हता.

हँगरची किल्ली तिथल्या तंत्रज्ञाकडे, डीनकडे होती. त्याने खिडकीतून टॉर्च मारून पाहिलं. चार खुर्च्या, चारही रिकाम्या. आकडा मात्र रात्री उतरायचा आणि सकाळी सात वाजले की चढायचा. दुपारी जेवणाच्या वेळेला सगळ्यांत वर. बंद डब्यात कोणीतरी उठतंय, वावरतंय, झोपतंय, असा तो आलेख.

डीनने ते हसण्यावारी नेलं. त्याच्याकडे घड्याळ अर्धा तास मागे, म्हणून तिथे साडेसहालाच चढतो म्हणाला. आत जो कोणी आहे तो सिडनीच्या वेळेने उठतो. पण बुधवारपासून तो डबा खायला बाहेर, उन्हात बसू लागला.

मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नहून श्रीनिवास व्हिडिओवर आला.

"मीनाक्षी, मागच्या खेपेला कोणी उतरायचं राहिलं नाही ना? मोजले होतेस ना नीट?"

ती हसली नाही. त्या रात्री तिला झोपही धड लागली नाही. घसाही खवखवायला लागला होता.

गुरुवारी सकाळी तिने डीनला विचारलं, केबिनमध्ये कितव्या नंबरचा सेन्सर बसवलाय?

"नऊ. तुझ्याच हाताने चिकटवलेला नंबर आहे, मेट."

नऊ नंबर तर तिच्यासमोर होता. टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी.

तिने फोटो मागवला. फोटो पाहून कपाळावर हात मारला. लॅब बंद होताना तिने दोन सेन्सर तपासायला घरी आणले होते, एक आणि नऊ नंबरचे. एक नंबरचा हँगरला पाठवला. पाठवताना त्यावर स्टिकर चिकटवला आणि लहानपणच्या सवयीने आकडा टाकला मराठीत: १. डीनने तो इंग्रजी आकडा समजून वाचला नऊ. सिस्टिममध्येही केबिनपुढे नऊ लावून मोकळा झाला.

म्हणजे चार दिवस ती यान म्हणून जे पाहत होती, ते तिचं स्वतःचं घर होतं. सातला उठणारी तीच, दुपारी जेवणारीही तीच.

खऱ्याखुऱ्या केबिनमधल्या एक नंबरचा आलेख तिने उघडला. चारशे बारा, चार दिवस सरळ रेघ. यान रिकामं होतं.

मग तिने रीतसर दुरुस्तीपत्र भरलं. केबिन: सेन्सर एक. इंजिनिअरचं घर: सेन्सर नऊ. दोन्ही सेन्सर अचूक. यानातला श्वास तिने आपल्या घराच्या नावावर चढवून दिला आणि खाली सही ठोकली.

श्रीनिवासचा लगेच फोन आला. सही वरपर्यंत गेली होती, खुर्ची तिची झाली होती.

"भूत तूच होतीस तर," तो म्हणाला. मग, "चांगलं काम केलंस."

पुढे टोमणा आला नाही. तिन्ही गोष्टी पदरात पडल्या.

घसा अजून खवखवत होता, म्हणून जेवण उरकून ती टेस्टला गेली. गाडीतच बसून नाकात काडी घालून घ्यायची, आणि त्यासाठी गाड्यांची ही रांग. साडेतीन तास गेले. वेळ जाईना म्हणून तिने फोनवर नऊ नंबर उघडला. घर बंद, आत कोणी नाही. दोनेक तासांत आकडा चारशेला टेकायला हवा. आपणच त्या घरातला श्वास, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून.

नऊशे तीस.

तिने पान पुन्हा उघडलं. नऊशे एक्केचाळीस.

गॅस बंद केल्याचं तिला पक्कं आठवत होतं. सेन्सर बिघडला असेल, असं म्हणायला जागा नव्हती. तो अचूक असल्याची सही सकाळी तिनेच केली होती.

पुढची गाडी हलली. निळ्या गाउनमधली नर्स खिडकीशी आली, काडी फिरवली, नळीत बंद केली. मग रोजचं पाठ असलेलं बोलली. इथून सरळ घरी जायचं, वाटेत दुकानातसुद्धा थांबायचं नाही. निकाल येईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी दार लावून आतच राहायचं. पोलीस तपासायला येतात.

नर्सने फॉर्मवर पेन टेकवलं.

"घरात किती जण, लव्ह?"

फोनवर नऊशे अडुसष्ट झाले होते.

"दोन," मीनाक्षी म्हणाली.